हातातलं ठळक, मागचं धूसर

मैत्रिणींनो, गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत एक पत्र अंबड तालुक्यातलं आहे. ही आपली मैत्रीण घरी ब्लाउज शिवायचे वर्ग घेते. दोन वर्षांपासून ती मोबाईलवर छोटे छोटे व्हिडिओही करते. कटोरी कशी बेतायची, बाही कशी जोडायची, गळ्याला पायपीन कशी लावायची. बघणाऱ्या बायका वाढल्या, त्यामुळे शिवणाची कामंही वाढली. पण मध्यंतरी एका लग्नात जाऊबाई चारचौघींत म्हणाल्या, "तुमचं शिवण छान दिसतं हो, पण मागच्या दोरीवरची लुगडीच जास्त दिसतात!" सगळ्या हसल्या. हीसुद्धा हसली, पण घरी येऊन तिनं महिनाभर एकही व्हिडिओ केला नाही.

आता तिचा पुतण्या म्हणतो, "काकू, मोबाईलनं मागचं धूसर होतच नाही. मोठा कॅमेरा घ्यावाच लागेल." या महिन्यात तिची भिशी लागली आहे, साठ हजार येणार आहेत. त्याच पैशातून मुलीचं अकरावीचं भरायचं आहे. पत्राच्या शेवटी तिनं विचारलं आहे, "तुम्हीच सांगा, घेऊ का?"

ताई, माझं उत्तर आधी देते आणि कारण मागून सांगते. नका घेऊ. निदान आत्ता नका घेऊ. मुलीचे पैसे बाजूला ठेवा. तुम्हाला हवं आहे ते बरंचसं तुमच्याच घरात, तुमच्याच मोबाईलवर होईल. जे होणार नाही तेही सांगते, म्हणजे पुतण्याशी बोलताना अडचण नको.

मी काही फोटोग्राफर नाही. शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून मोबाईलसमोर धडे म्हणायला लागले आणि तिथून हे सगळं शिकले. मोठ्या हौसेनं अपूर्णांक शिकवले, भाकरीचे चार तुकडे करून दाखवले. दुसऱ्या दिवशी चौथीतल्या एका पोरानं आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "बाई, तुमच्या मागं भिंतीवर पाल होती, ती कुठं गेली?" भाकरीबद्दल एक शब्द नाही! तेव्हा कळलं की मागचं सगळं स्वच्छ दिसलं की बघणाऱ्याचं लक्ष मागेच जातं. त्यात मुलाचा दोष नाही.

असं का होतं?

आधी एक छोटा प्रयोग करा. एक डोळा मिटा. दुसऱ्या डोळ्यापुढे वीतभर अंतरावर बोट धरा आणि बोटाच्या रेघांकडे बघा. मागची भिंत अंधुक होते. आता भिंतीकडे बघा, बोट अंधुक होतं. आता एका जाड कागदाला सुईनं बारीक भोक पाडा आणि त्या भोकातून बघा. बोट आणि भिंत दोन्ही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतील. ज्यांना चष्मा आहे त्यांनी चष्मा काढून बघावं, गंमत वाटेल.

कॅमेऱ्याचंही असंच आहे. उजेड आत येण्याचं छिद्र मोठं असेल तर ज्यावर नेम धरला तेवढंच ठळक येतं, पुढचं-मागचं विरघळतं. छिद्र बारीक असेल तर सगळंच ठळक. जेवढ्या अंतरात वस्तू स्वच्छ दिसतात त्याला फोटोवाले 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात. आपण त्याला 'ठळक पट्टा' म्हणू. मागचं धूसर हवं म्हणजे हा पट्टा अरुंद हवा.

मोबाईलमध्ये अडचण अशी की त्यातला सेन्सर, म्हणजे जिथे चित्र उमटतं तो पट, साध्या मोबाईलमध्ये करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो. लहान पटावर चित्र बसवायचं तर भिंगही लहान लागतं आणि भिंग लहान म्हणून छिद्रही लहान. मोबाईलचं छिद्र ज्वारीच्या दाण्याएवढं, कधी त्याहून बारीक. याउलट मोठ्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फोटोच्या रोलच्या एका खणाएवढा, ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद. त्याच्यावरचं ५० मिलिमीटरचं नेहमीचं भिंग पुरतं उघडलं तर छिद्र दहा रुपयांच्या नाण्याएवढं होतं. कुठे ज्वारीचा दाणा आणि कुठे नाणं!

दुकानदार म्हणेल, "मॅडम, याचं अपर्चर एक पॉइंट आठ आहे, मोठ्या कॅमेऱ्याइतकंच." तो खोटं बोलत नाही, पण तो आकडा प्रमाणाचा आहे, मापाचा नाही. लहान पातेलं अर्धं भरलं आणि मोठा हंडा अर्धा भरला, तर दोन्ही 'अर्धे'च. पण पाणी सारखं आहे का? तसंच हे.

ही अडचण आजची नाही. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांकडे पूर्वी जे हातातले व्हिडिओ कॅमेरे असत, त्यांचेही सेन्सर लहानच होते. म्हणून त्या कॅसेटींत नवरीइतकंच मागचं कुलर आणि वाढप्याची बादलीही ठळक दिसते. काही हौशी लोकांनी त्यावर युक्ती काढली होती. कॅमेऱ्याच्या पुढे घासलेली धुरकट काच बसवायची, तिच्यापुढे फोटोच्या कॅमेऱ्याचं मोठं भिंग लावायचं. मोठ्या भिंगानं काचेवर उमटवलेलं चित्र मग छोट्या कॅमेऱ्यानं टिपायचं. चित्र सिनेमासारखं येई, पण उजेड फार खाई. २००८ साली कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यातच मोठ्या सेन्सरवर चांगला व्हिडिओ निघू लागला, तेव्हा या काचांची गरज सरली. पुतण्या म्हणतो तो मोठा कॅमेरा या घराण्यातला.

मोठा कॅमेरा नाही म्हणून लोक थांबले असंही नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात यंत्रमागाच्या गल्ल्यांतल्या मंडळींनी छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर अख्खे सिनेमे काढले. फैझा अहमद खान यांनी २००८ साली त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. कॅमेरा सरकवायला गाडी नाही म्हणून ते सायकल वापरताना त्यात दिसतात. मिळेल तेवढा वेळ काढून तो जरूर बघा.

आता उपाय: तीन अंतरं

छिद्र तर आपल्याला मोठं करता येत नाही. बहुतेक मोबाईलमध्ये ते कायमचं ठरलेलं असतं. मग हाती राहतात ती अंतरं. सगळी किमया अंतरातच आहे.

(१) जवळ जा. साध्या मोबाईलनं आठ-नऊ फुटांवरच्या माणसावर नेम धरला, तर चार-साडेचार फुटांपासून थेट गावाच्या वेशीपर्यंत सगळं ठळक येतं. चार फुटांवर नेम धरला तर साधारण तीन ते सात फुटांपर्यंत ठळक. पण वीतभर अंतरावरून नुसत्या हातावर आणि सुईवर नेम धरा, पट्टा दोन बोटं जाडीचा उरतो! म्हणजे ताई, तुम्ही अख्ख्या दिसायची गरज नाही. बायकांना शिकायची आहे बाही. बाही दाखवा, बोटं दाखवा, टाका दाखवा. मोबाईल जवळ आणा, तुमचं अर्धं काम तिथेच झालं.

फार जवळ गेल्यावर काही मोबाईल आपण होऊन दुसरं, रुंद दिसणारं भिंग लावतात आणि मागचं पुन्हा ठळक होतं. चित्र एकदम हललं, उडी मारल्यासारखं झालं, तर समजा भिंग बदललं. तेव्हा चार बोटं मागे या.

(२) मागचं लांब न्या. भिंतीला पाठ लावून बसू नका. भिंत दोन फुटांवर असली तर साधा मोबाईल तिला फारशी धूसर करू शकत नाही. भिंत, दोरी, कपाट, जे काही आहे ते तुमच्या पाठीमागे दहा-बारा फूट तरी हवं.

(३) लांबचं भिंग असेल तर ते वापरा. काही मोबाईलना दोन पट किंवा तीन पट जवळचं दाखवणारं खरंखुरं वेगळं भिंग असतं. त्यानं दोन हात लांब राहूनही मागचं बरंच धूसर होतं. शिवाय मागचा फारच थोडा तुकडा चौकटीत येतो, म्हणजे दहा लुगड्यांऐवजी एखाद्याच लुगड्याचा पदर. पण इथे फसगत होते. नुसतं दोन बोटांनी चित्र मोठं केलं म्हणजे भिंग बदललं असं नाही. पुष्कळदा मोबाईल तेच चित्र कापून मोठं करून दाखवतो आणि त्यानं काहीच धूसर होत नाही, उलट सगळंच खरखरीत होतं. ओळखायचं कसं? व्हिडिओ लावून तीन पटीवर न्या आणि मागच्या भिंगांवर एकेक करून बोट ठेवा. ज्यावर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो ते भिंग चालू आहे. मुख्य भिंग झाकल्यावर काळं झालं, तर तुमचा 'तीन पट' नुसता कापलेला आहे. मागे तीन डोळे दिसले म्हणजे तिन्ही कामाचे असतातच असं नाही, बरं का!

ज्यांच्या कपाटात जुना हातातला व्हिडिओ कॅमेरा पडून आहे, त्यांनी याच नियमानं वागावं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहावं आणि झूम पुरता ओढावा. मात्र त्या कॅमेऱ्याचं छिद्र कडक उन्हात आपोआप बारीक होतं आणि मागचं पुन्हा ठळक होतं. म्हणून सावलीत काढावं किंवा भिंगाला काळी काच लावावी, आपण गॉगल लावतो तशी.

सरस्वतीबाईंची चादर

अंतराइतकीच कामाची गोष्ट म्हणजे उजेड. इथे मला सरस्वतीबाई फाळके आठवतात. दादासाहेब फाळक्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या गृहस्थानं लंडनहून कॅमेरा आणला, १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते एकेक चित्र घेऊन टिपलं, आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणला. पण त्या फिल्मच्या कडांना अंधारात बसून भोकं पाडत होत्या सरस्वतीबाई. फिल्म धुण्याचं काम त्या शिकल्या, सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. आणि चित्रीकरण चालू असताना उन्हात पांढऱ्या चादरी धरून त्या उजेड परतवत उभ्या राहत, असं सांगतात.

ती चादर आपणही धरू शकतो. डोळा उजेडाकडे आधी जातो. चेहरा आणि हात उजळ, मागचं काळोखात, असं केलं की मागचं धूसर नसलं तरी ते नजरेत भरत नाही. आपल्याकडच्या जुन्या घरात याला फार चांगली जागा असते. ढाळजेच्या तोंडाशी किंवा ओसरीच्या कडेला अंगणाकडे तोंड करून बसा. मोबाईल अंगणात, तुमच्यासमोर. तुमच्या पाठीमागे आतल्या घराचा अंधार, तोही लांबवर गेलेला. अंगणातला उजेड सरळ हातावर पडतो. मांडीपुढे पांढरी चादर अंथरली की हनुवटीखालची सावलीही जाते. आमच्या जालन्याचं ऊन मे महिन्यात साडेआठनंतर डोळ्यांवर येतं, तेव्हा सकाळी सातच्या सुमारास किंवा कलत्या उन्हात काढा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बाल्कनीच्या दारात, तोंड बाहेर करून बसावं.

खिडकी पाठीमागे मात्र घेऊ नये. मग तुम्ही काळ्या आणि खिडकी पांढरी!

आणखी दोन-तीन गोष्टी पटकन सांगते. सुरुवात करण्याआधी भिंग सुती मऊ कापडानं पुसा. तेलाच्या बोटांनी सगळंच धूसर येतं आणि आपण मोबाईलला दोष देतो. ज्यावर नेम धरायचा त्यावर पडद्यावर बोट दाबून ठेवा, म्हणजे नेम पक्का होतो. नाहीतर हात हलला की मोबाईल कधी सुईवर, कधी मागच्या दोरीवर धावतो आणि बघणाऱ्याला गरगरतं. आणि सगळ्यात सोपा उपाय: गडद रंगाची साधी, बिनबुट्ट्यांची जुनी साडी पाच-सहा फूट मागे दोरीवर ताणून टाकायची. त्याच दोरीवर, ताई! लुगडी काढायची आणि एक साडी टाकायची. सुरकुत्या असल्या तरी तेवढ्या अंतरावर त्या जवळून काढलेल्या चित्रात जाणवत नाहीत.

हे सगळं करून मोठ्या कॅमेऱ्यासारखं लोण्यासारखं विरघळलेलं मागचं मिळेल का? नाही, तेवढं मिळणार नाही. मागे काहीतरी रंगीत आहे एवढं कळेल, पण त्यावरची बुट्टी मोजता येणार नाही. शिवण शिकवायला तेवढं पुरे आहे.

मोबाईलनं केलेलं धूसर

आता तुमच्यापैकी पुष्कळजणी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, मोबाईलमध्ये बटण असतं की! असतं. २०१६ च्या सुमारास फोटोत आणि २०२१ साली आयफोनच्या व्हिडिओतही हे आलं, आता पुष्कळ मोबाईलमध्ये आहे. पण ते भिंगानं केलेलं धूसर नाही. मोबाईल अंदाजानं ठरवतो की हे पुढचं, हे मागचं, आणि मागच्यावर बोळा फिरवतो. अंदाज चुकला की बटेतले सुटे केस गायब, बांगडीच्या आतली जागा ठळक, दोरा मध्येच नाहीसा. शिवणाला, विणकामाला, शेवया-कुरडयांना तर ते बिलकूल वापरू नका. बारीक तार दिसली की मोबाईल गोंधळतो.

याबद्दल माझी एक चूक सांगते. सांगावी की नाही असा विचार चार दिवस केला.

२०२२ च्या चैत्रात आम्ही वाळवणं घातली. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे. आत्यांच्या कुरडयांचं गल्लीत नाव होतं. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा, हे सगळं त्या डोळे मिटून करायच्या. मी ठरवलं की हे एकदा टिपून ठेवायचं. अंगणात बाजेवर जुनं धुतलेलं लुगडं अंथरलं, आत्या पलीकडे बसल्या, सोऱ्या हातात. मी अलीकडून मोबाईल धरला. मागे पाण्याची टाकी आणि पडकी भिंत दिसत होती, ती लपावी म्हणून ते धूसर करायचं बटण दाबलं आणि सोऱ्यातून पडणाऱ्या कुरडईवर नेम पक्का केला. आत्या म्हणाल्या, "कशाला घ्यायलीस गं माझा फोटू? डोक्यावर पदर तरी घेऊ दे." मी म्हटलं, "तुमचा नाही आत्या, कुरडईचा घेते आहे."

व्हिडिओ छान झाला. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी कौतुक केलं. मोबाईल भरला होता म्हणून आठवड्यानं मूळ पुसून टाकला, ग्रुपवर आहेच म्हणून.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आत्या गेल्या.

त्यानंतर घरात शोधाशोध झाली. कार्यातले फोटो आहेत, त्यात त्या ताठ उभ्या, अंगावर नवी साडी. काम करतानाचा, बोलतानाचा व्हिडिओ एवढा एकच. त्यात हात स्वच्छ दिसतात, बोटांवरचा चीक दिसतो, आवाज खणखणीत आहे, "मीठ बेतानं घाल गं, वाळल्यावर खारट होतं." आणि चेहऱ्याच्या जागी एक गव्हाळ गोल आणि त्यात कुंकवाचा लाल ठिपका, तोही पसरलेला. भिंतीबरोबर मोबाईलनं त्यांनाही मागे ढकललं होतं. खरं म्हणजे मोबाईलनं नाही, मीच. नेम मी धरला होता.

माझ्या नणंदेनं तो व्हिडिओ एका स्टुडिओवाल्याला दाखवला. तो म्हणाला, जे टिपलं गेलंच नाही ते परत कुठून आणू? वास्तविक काही मोबाईलमध्ये मूळ व्हिडिओ जपला असेल तर हे धूसर नंतर कमी करता येतं किंवा नेम दुसरीकडे हलवता येतो, कारण मूळ चित्र खाली शाबूत असतं. पण एकदा व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत म्हणजे बोळा फिरवून वाळलेली भिंत. तिच्यात बदल होत नाही. मला हे सहा महिने उशिरा कळलं.

म्हणून माझे नियम आता असे आहेत. माणसाचा व्हिडिओ काढायचा तर एक तरी साधा काढायचा, कुठलंही बटण न दाबता. मूळ प्रत पुसायची नाही. मुलाच्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हमध्ये उतरवून ठेवायची. आणि नेम धरण्याआधी एकदा मागे बघायचं की मी काय पुसते आहे. टाकी आणि भिंत आज असती तर मला चालली असती.

झाकणं आणि लपवणं

एक सावधगिरीची सूचना. धूसर झालं म्हणजे लपलं असं समजू नका. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिलेले फोन नंबर, गॅसचं पुस्तक, आधार कार्डाची प्रत, मुलीच्या शाळेचा गणवेश आणि त्यावरचं नाव, हे मागे दिसत असेल तर उचलून ठेवा. व्हिडिओ चालू असताना कॅमेरा क्षणभर हलतो, नेम मागे जातो आणि तेवढ्यात सगळं वाचता येतं. घरातलं दुसरं कुणी मागून जात-येत असेल तर त्यांना आधी विचारा. सगळ्यांनाच दिसायला आवडतं असं नाही.

आता भिशीबद्दल

ताई, साठ हजारांतले हजारभर रुपये मात्र जरूर खर्च करा. पाच-सहाशेत मोबाईल धरायचा तिपाई स्टँड मिळतो. हात दोन्ही मोकळे राहतील आणि चित्र हलणार नाही. उरलेल्या पैशात कॉलरला लावायचा साधा माइक बघा. मागचं दिसलं तर बायका खपवून घेतात, पण तुमचं बोलणं ऐकू आलं नाही तर त्या पुढे सरकतात. बाकीचे पैसे मुलीचे. तिला अकरावीत जाऊ द्या. कदाचित पुढे तीच तुमचे व्हिडिओ काढील, आणि पुतण्यापेक्षा चांगले काढील. तुमची कामं वाढून वर्षा-दोन वर्षांत त्याच कमाईतून मोठा कॅमेरा घ्यावासा वाटला, तर तेव्हा आनंदानं घ्या.

राहिला जाऊबाईंचा प्रश्न. दोरीवरची लुगडी तुमच्या घरची आहेत, धुतलेली आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती काढायची आहेत ती एवढ्याचसाठी की बघणारीचं लक्ष तुमच्या टाक्यावर राहावं. जाऊबाईंना काय वाटेल म्हणून नव्हे. उद्या सकाळी सातला ओसरीवर बसा, मोबाईल वीतभर अंतरावर आणा आणि बाही जोडायला घ्या. महिनाभर वाट बघणाऱ्या बायका असतील.

आणि सगळ्याच मैत्रिणींना एक काम. या वर्षी घरी वाळवणं घालाल तेव्हा जी कुणी वडीलधारी बाई बाजेशी बसली असेल, तिचा एक साधा व्हिडिओ काढा. मागची भिंत, टाकी, दोरी सगळं दिसू दे. नेम तिच्या चेहऱ्यावर धरा. पदर घ्यायला तिला वेळ द्या.

पुढच्या खेपेला घरच्या घरी आवाज चांगला कसा रेकॉर्ड करावा, पंखा, कुकर आणि शेजारची गिरणी यांच्यातून वाट कशी काढावी, त्याबद्दल लिहीन. तुमचे अनुभव जरूर कळवा.